एकच भागीबाई

“कोणी केलं हे?”

हा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर मंजुषा तो केव्हाच विसरली असती. मखमलाबादच्या मळ्यात, शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे विहिरीपाशी उभं राहून तिचे वडील, कोंडाजी, हे तीन शब्द असे म्हणत की जणू झोपलेल्या लेकराची चौकशी करताहेत. कधी मोटार जळालेली असे, कधी पाटाचं बारं चुकीच्या बाजूला फुटून पाणी नको त्या वाफ्यात शिरलेलं असे आणि फुलांच्या मुळ्या कुजलेल्या असत. ते कुणाला मारत नसत. एकदा विचारत, मग गप्प होत, आणि घरातलं कुणीतरी ‘मी’ म्हणेपर्यंत गप्पच राहत. ताट समोर आलं तरी गप्प, पाहुणा आला तरी गप्प. त्या दिवसांत आई भाकरी थापायची तीसुद्धा चोरून थापल्यासारखी. मंजुषाने तेव्हाच एक शहाणपण गाठीला बांधून ठेवलं होतं, की मोडलेल्या वस्तूच्या जवळपास उभं राहायचं नाही. तिने काही केलेलं नसायचं. तरी तो हलका आवाज वाफ्यांवरून सरकत आला की तिचे तळहात ओले व्हायचे, आणि आपणच केलं असावं, आठवत नाही एवढंच, असं वाटायला लागायचं.

आज दुपारी डबा उघडता उघडता तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला, कारण दारात आक्काबाई उभी राहिली आणि म्हणाली, “मंजूताई, तुमच्या यादीनं एक म्हातारी गिळली बघा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? सकाळपासून पलंगावर बसलीय. डोळ्यात थेंब नाही, कपाळाला नावाची पट्टी नाही. निकिता सिस्टर म्हणतात, यादीत भागीबाई एकच, आणि ती तर ऑपरेशन थेटराबाहेर बाकावर बसलीय. मग ही कोण म्हणायची? भूत?” आक्काबाई या हॉस्पिटलात इतकी वर्षं आया होती की तिला कुणाच्याच तोंडाची भीती राहिली नव्हती. स्वतःच्या विनोदावर हसत ती चहाचे कप गोळा करून गेली. मंजुषाच्या हातातला पोळीचा तुकडा मात्र हातातच राहिला. मेथीचा वास अचानक नकोसा झाला. कॉम्प्युटरचा पंखा सकाळपासून घरघरत होता, पण ती घरघर तिला आत्ता ऐकू आली. खोलीत आणखी कुणीतरी बसून श्वास घेत असावं तशी.

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतलं हे ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल. दर हिवाळ्यात खेड्यांत शिबिरं व्हायची, मोतीबिंदूवाल्यांच्या डोळ्यांची तपासणी व्हायची आणि मग त्यांना गाडीत घालून नाशिकला आणायचं, ऑपरेशन करायचं, हिरवी पट्टी बांधून परत सोडायचं. यंदा देवळाली कॅम्प, सायखेडा आणि वणी अशी तीन शिबिरं झाली आणि तिन्हींच्या तीन फ्लॉप्या मंजुषाच्या टेबलावर आल्या. प्रत्येक फ्लॉपीत एक एक्सेलची फाईल होती. त्यात नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, गाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर. तिन्ही फायली एकत्र करून एकच यादी काढायची, एवढंच काम. एकाखाली एक चिकटवून ती मोकळी झाली असती, पण म्हाताऱ्या माणसांना एका शिबिरावर भरवसा नसतो. देवळालीला नंबर लागला नाही तर काय, म्हणून तीच माणसं सायखेड्यालाही रांगेत उभी राहिली होती, आणि यादीत तीच तीच नावं दोनदा येत होती. तेव्हा मंजुषाने मशीनला सांगितलं की नाव, आडनाव, गाव, वय एवढंच बघ, आणि सारखं सापडलं की एक ठेवून बाकीचं काढ. भिंगाचा रकाना बघू नकोस, असंही सांगितलं. कारण दोन ठिकाणी मोजलं की नंबर थोडा इकडेतिकडे होतोच. नवऱ्याच्या नावाचा रकाना तर तिने हिशेबात धरलाच नव्हता. तो धरण्यासारखा नव्हताच. बायकांपुढे तो जवळपास सगळाच कोरा होता.

तो कोरा रकाना तिने पाहिला होता, आणि तेव्हा तिला हसू आलं होतं. वणीच्या शिबिरात टेबलाशी कॉलेजातली पोरं बसलेली असणार. ‘आजी, मालकांचं नाव?’ असं त्यांनी विचारलं असणार, आणि आजी पदर तोंडाशी धरून शेजारणीकडे बघत राहिली असणार. शेजारणीने सांगितलं तर लिहिलं. नाही सांगितलं तर पोरांनी रांग पुढे ढकलली. नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, आयुष्य कमी होतं त्याचं. मंजुषाची आईसुद्धा कोंडाजींना ‘मळ्यातले’ म्हणायची. शहरात राहून, कॉलेज रोडला कॉम्प्युटरचा क्लास करून मंजुषा स्वतः तरी काय करत होती? पंचवटीतल्या दोन खोल्यांत ती नवऱ्याला, स्वराजला, ‘अहो’ म्हणत होती, आणि त्याची अंबडची कंपनी बंद पडल्यापासून तेवढंही कमी झालं होतं. हल्ली ती नुसतीच बोलायला सुरुवात करायची, म्हणजे तो मान वर करायचा.

तिने वणीची फ्लॉपी घातली. फ्लॉपी कुरकुरली. ओळी उलगडल्या आणि ती बोटाने पडद्यावर खाली खाली येत गेली. बोट थांबलं तिथे भागीबाई होती. आणि तिच्याखाली लगेच भागीबाई होती. तेच आडनाव. तेच गाव. वय दोघींचं पासष्ट, कारण खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं वय पोरं अंदाजाने पासष्टच लिहितात. शेवटच्या रकान्यात मात्र दोन वेगळे आकडे होते. एक चारचौघींचा असतो तसा. दुसरा फार लांबचा, इतका वेगळा की ते भिंग चुकीच्या डोळ्यात गेलं तर पुढचा सगळा जन्म धुक्यातून काढावा लागेल. मशीनने पहिली ओळ ठेवली होती आणि दुसरी काढली होती. मशीनने नव्हे. मंजुषाने. आता पहिली ओळ बाकावर बसलेल्या भागीबाईची, की पलंगावरच्या? कुणालाच माहीत नव्हतं. मोजणीच्या चिठ्ठ्या यंदापासून जपून ठेवायच्या नाहीत असं ट्रस्टींनीच ठरवलं होतं. कॉम्प्युटर आहे ना आता.

लहानपणी तीन वावरांतली फुलं तीन पाट्यांत यायची. आई ती भल्या पहाटे अंगणात एकाच चादरीवर ओतायची. पांढरी, पिवळी, जांभळी शेवंती एकमेकींत मिसळून एक थंड, ओला ढीग व्हायचा, आणि त्या ढिगात हात घालायला मंजुषाला फार आवडायचं. कोपरापर्यंत हात आत गेला की आतून फुलांचा गारवा हाताला धरून ठेवायचा. फुलांचं ते ठीक होतं. ती संध्याकाळी कोमेजून जायची, कुठल्या वावरातली होती ते विचारायला कोणी येत नव्हतं. पडद्यावरच्या ओळी तिने तशाच ओतल्या होत्या, त्याच सुखाने. ओळी एकाखाली एक धावत आल्या आणि एका दाबासरशी यादी आखडून नीटस झाली तेव्हा तिला अंगण झाडल्यासारखं वाटलं होतं. काय झाडून टाकलं ते तिने वाकून पाहिलं नव्हतं.

तिला अमोल आठवला. तिच्या आधी या खुर्चीवर अमोल बसायचा. त्याने एकदा उजव्या डोळ्याच्या जागी डावा छापला होता. चूक ऑपरेशनच्या टेबलावरच लक्षात आली, कुणाला काही झालं नाही. तरी ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांनी त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं आणि त्याची बॅग राहिली ती आक्काबाईने दुसऱ्या दिवशी फाटकाशी नेऊन दिली. स्वराज रोज संध्याकाळी विचारतो, “काय झालं आज ऑफिसात?” आणि ती म्हणते, “काही नाही.” तो प्रश्न आणि ते उत्तर यांच्यावर सध्या त्यांचं घर उभं होतं. आज ती काय म्हणेल? फाटकातून चालत जाताना हातात बॅग असेल की तीही मागे राहील? न जेवताच तिने डब्याचं झाकण लावलं.

पण अजून काही झालेलं नाही, असं तिने स्वतःला समजावलं. बाकावरचीचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर आहे. पलंगावरच्या म्हातारीने नवऱ्याचं नाव सांगितलं, बाकावरचीनेही सांगितलं, त्या नावांनी दोघी यादीत वेगळ्या करता आल्या, आणि कुणाची मोजणी आधी झाली ते एखादीला आठवलं, तर गुपचूप दुसरी यादी छापायची, पहिली फाडायची. कुणाला पत्ता लागणार नाही. पाणी चुकीच्या वाफ्यात शिरायच्या आत बारं मोडायचं. एवढंच.

वॉर्डात फिनेलचा आणि बायकांच्या केसांतल्या तेलाचा वास कोंडला होता. डिसेंबरचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं, पण ज्यांच्यासाठी आलं होतं त्यांना ते दिसत नव्हतं. बायका नुसती ऊब शोधत पलंगाच्या त्या टोकाला सरकून बसल्या होत्या. शेवटच्या पलंगावर एक लहानखुरी म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. डोळे दुधाळ. कुणी आल्याचं कळलं तशी तिने पदर सावरला.

“आजी, जेवलात का?”

“जेवले की. भात लय मऊ व्हता.”

“तुमच्या मालकांचं नाव काय?” मंजुषाने विचारलं. आवाज सहज काढायचा होता, तो भलताच बारीक निघाला.

म्हातारीने पदर तोंडाशी नेला. आजूबाजूच्या पलंगांवर एकदम जाग आली. दिसत नसलं की माणसं कानांनी बघतात.

“घ्या की नाव! लाजता काय आता, नातवाला मिशा फुटल्या,” एकजण म्हणाली.

“उखाण्यात घ्या!” आक्काबाई दारातूनच ओरडली. “नुसतं नाही चालायचं आमच्या हॉस्पिटलात.”

म्हातारीने मान खाली घातली, हसली, आणि अगदी तरुण आवाजात म्हणाली,

“वणीच्या बाजारात बांगड्या भरल्या हिरव्या,
नाव घ्या म्हनती साऱ्या, तोंडं त्यांची फिरवा.”

वॉर्ड हसला. “अहो, यात नाव कुठंय?”

“हाय की. म्या मनात घेतलं.”

मंजुषाही हसली. हसताना तिला आपले दात थंड लागले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि तिचं तिकडेच लक्ष होतं. ती पलंगाच्या कडेला बसली, म्हातारीचा हात हातात घेतला. तळहात खडबडीत, उबदार होता. तिच्या स्वतःच्या तळहातासारखा ओला नव्हता. “आजी, ऐका ना. माझ्या कानात सांगा. बाहेर बाकावर एक भागीबाई बसल्यात, तुमच्याच गावच्या, तुमच्याच आडनावाच्या. मालकाच्या नावावरून मला तुम्हा दोघींना वेगळं करायचंय.”

“त्यानं कशाला व्हईल येगळं?” म्हातारी म्हणाली. “मालक येकच की.”

मंजुषाला आधी समजलंच नाही. शेजारच्या पलंगावरून खुलासा आला, “सवती हायत त्या. पुंजारामाच्या दोघी. सारा गाव जानतो.” परक्या बाईच्या तोंडून ते नाव इतक्या सोप्या रीतीने बाहेर पडलं, आणि त्याचा आता काडीचाही उपयोग नव्हता.

“दोघींचं नाव भागी?”

“ती आधीची,” म्हातारी सांगू लागली, सावकाश, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असावी तसं. “तिला पोर झालं नाय, मंग मला आनली. सासूच्या तोंडात भागीच बसलं व्हतं. लगीन लागल्यावर ताटात तांदूळ घेतले, तवा ह्यांनी इचारलं, आये, हिचं नाव काय ठिवायचं? तर म्हातारी म्हनली, आता या वयात नवं नाव कुठं पाठ करू, भागीच ठीव. ठिवलं.” तिने हात सोडवून घेतला आणि चादरीवरची सुरकुती पुसली. “शिबिराला ती म्होरं, मी मागं. का मी म्होरं आन् ती मागं. ध्यानात नाय बग. गर्दी व्हती.”

“आणि आधीचं? माहेरचं नाव काय तुमचं?”

म्हातारीचे दुधाळ डोळे खिडकीकडे लागले. “ते माहेरातच ऱ्हायलं,” ती म्हणाली. “त्याला काय करती?”

इतका वेगळा नंबर बहुधा लहानपणापासूनचा असणार. “लहानपणी लांबचं दिसायचं का तुम्हाला? आणि त्यांना?”

“मला दिसायचं तेवढं दिसायचं. तिला किती दिसायचं ते म्या कसं सांगू? कुनाच्या डोळ्यांत बसून कुनी बघितलंय?”

मंजुषा उठली. घरात शिरलेल्या नव्या मुलीवर जुनं नाव टाकलं गेलं, घोंगडी टाकावी तसं. आणि मग त्या घोंगडीखाली कोण आहे हे कुणी पाहिलं नाही. पुंजारामच्या आईला दोन नावं जड झाली. मंजुषाला दोन ओळी जड झाल्या. आपण मशीनपुढे बसलो होतो तेव्हा आपल्या मागे ती सासू उभी होती का, असा विचार तिच्या मनात आला. एका म्हातारीला लवकरच एक भिंग बसेल. ते तिचं नसलं तर ती गावी जाईल, पट्टी सुटेल, आणि ती म्हणेल, धुरकट दिसतंय. लोक म्हणतील, वय झालं. ती तांदूळ निवडायला बसेल आणि खडे हाताने चाचपेल. ती तक्रार करायला नाशिकला येणार नाही. आणि म्हणूनच कुणाला कधीच कळणार नाही. मंजुषाला घाम फुटला तो या शेवटच्या वाक्याने. कारण ते वाक्य मनात भीतीसारखं आलं नव्हतं. ते दिलाशासारखं आलं होतं.

व्हरांड्यात बाकावर दुसरी भागीबाई बसली होती. थोराड, हाडापेराने मोठी, हिरव्या डगल्यात, कपाळावर चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव. डोळ्यात थेंब घातले होते, ते गालांवर ओघळले होते. रडत नसतानाही ती रडल्यासारखी दिसत होती. तिच्या शेजारी उभी राहून निकिता सिस्टर कागदावर खुणा करत होती.

“सिस्टर,” मंजुषा म्हणाली, “यांची मोजणी पुन्हा एकदा घेता येईल का?”

“का? नंबर आहे की यादीत. तुम्हीच छापलाय.” निकिताने वर पाहिलं. वयाने लहान, कामाला चोख मुलगी. “काही चुकलंय का, ताई?”

किती सोपं होतं. पोरीने वाक्य तयार करून हातात दिलं होतं, नुसती मान हलवायची होती. व्हरांड्याच्या टोकाला सेक्रेटरी साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता, हलका, जवळजवळ प्रेमळ.

“नाही,” ती म्हणाली. “सहज.”

आणि ती तिथेच उभी राहिली. परत खोलीत जाता येत नव्हतं, पुढे जाता येत नव्हतं. बाकावरच्या बाईने आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. “कोन हाय ग?” तिने विचारलं. “धाकली अजून तिकडंच का? तिचं व्हनार ना आज? दोघींचं संगं होतंय म्हनून आलो. येकीनं दुसरीचा हात धरून जायचं तर येकीला तरी दिसाया पायजे.”

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, आतून गार, स्पिरिटची हवा आली आणि दारातल्या माणसाने कागद बघून हाक मारली, “भागीबाई!”

बाकावरची भागीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. आणि आत वॉर्डात, शेवटच्या पलंगावर, पाय खाली सोडल्याचा, बांगड्यांचा, जमिनीवर चपला चाचपडल्याचा आवाज झाला. लहानखुरी म्हातारी भिंतीला धरत धरत वॉर्डाच्या दारापर्यंत आली आणि उभी राहिली. दोघी एकमेकींना दिसत नव्हत्या. दोघींच्या माना हाकेकडे वळलेल्या होत्या, एकाच कोनात, खूप वर्षांच्या सरावाने.

“अहो, तुम्ही नाही आजी, ह्या,” निकिता म्हणाली. “एकच भागीबाई आहे.”

“मंग तिला जाऊ द्या,” दारातली म्हातारी लगेच म्हणाली, जणू हेही सरावाचंच होतं. “सवय हाय, म्हनून उठले.” आणि ती भिंत चाचपत माघारी वळली.

दारात मोठे डॉक्टर आले होते, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला, एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात तो कागद. त्यांनी भागीबाईकडे एकदा पाहिलं आणि कागदावरचा नंबर आतल्या माणसाला वाचून दाखवायला तोंड उघडलं. मंजुषाने बघितलं की तिचा हात पुढे झालाय आणि त्याने डॉक्टरांच्या हातातला कागद धरलाय. चहा फरशीवर सांडला. सेक्रेटरी साहेबांच्या खोलीतला आवाज थांबला.

“काय झालं?” डॉक्टर म्हणाले.

“सर, यांना आत नेऊ नका,” मंजुषा म्हणाली. आवाज फाटका होता, पण व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात होता. “भागीबाई दोन आहेत. दोघींचे नंबर वेगळे आहेत आणि हा कुणाचा ते मला माहीत नाही. यादी एकत्र करताना दुसरी मी पुसली. मशीनने नाही. मी.”